पाय मोडलेल्या कामाच्या कुत्र्याची मांडी सुकलीय. पुन्हा भरेल का? कामावर कधी सोडू?

भरेल. पण तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य, 'पळतो छान, फक्त हळू चालताना लंगडतो', हे वाचलं आणि हातातलं काम टाकून लिहायला बसलो. हेच वाक्य मी एकदा आमच्या साहेबांच्या तोंडून ऐकलंय आणि ते माझ्या ताराला भोवलंय.

तुमचा कुत्रा मेंढ्या राखणारा, मागचा पाय मोडलेला, पट्टी काढून तीन आठवडे झालेले. माझं काम वेगळं होतं. मी शोधपथकात हँडलर होतो, म्हणजे कुत्रा सांभाळून त्याला कामाला लावणारा. तारा जर्मन शेफर्ड, २८ किलो, ढिगाऱ्याखालची माणसं शोधायची. सरावात भिंतीवरून उडी मारली, उजवा मागचा पाय दगडांच्या फटीत अडकला आणि गुडघ्यातला लिगामेंट, म्हणजे हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, तुटला. यावरच्या ऑपरेशनमध्ये नडगीचं हाड वरच्या बाजूला कापून, जरा फिरवून प्लेटनं बसवतात. ते झालं. ८ आठवड्यांनी एक्स-रे काढला, हाड झकास जुळलेलं. साहेबांनी फिल्म खिडकीशी धरली आणि म्हणाले, "क्लिअर आहे. सोमवारपासून घे कामावर."

मी म्हटलं, साहेब, मांडी बघा ना. तर म्हणाले, "कुत्र्याची जात आहे, धावली की आपोआप भरेल." आणि मला गप्प करायला बॉल फेकला. तारा बाणासारखी गेली. सगळे खूष. किती पायांवर गेली ते कुणी मोजलं नाही. तीन!

इथेच सगळी गोम आहे. कुत्रा वेगात असला की एक पाय उचलून धरणं त्याला सहज जमतं, आणि तीन पायांवरही तो बघणाऱ्याला फसवण्याइतका चांगला पळतो. म्हणजे पळवलंत की व्यायाम धडक्या पायाला आणि आराम नेमका सुकलेल्याला. हळू चालवलंत, अगदी कंटाळा येईल इतकं हळू, की प्रत्येक पावलाला त्याला तो पाय टेकवावाच लागतो. लंगडणं चालताना दिसतं ते यामुळेच. तेच खरं, पळणं ही बतावणी.

दुसऱ्या दिवशी मी माणसांचे दोन वजनकाटे आणले, पुढच्या पायांखाली तेवढ्याच उंचीच्या फळ्या ठेवल्या आणि ताराचा मागचा एकेक पाय एकेका काट्यावर उभा केला. उभ्या कुत्र्याचा साधारण ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो, ४० मागच्या. म्हणजे तिचे मागचे ११ किलो, निम्मे निम्मे यायला हवेत. डावीकडे साडेआठ आले, उजवीकडे अडीच. नखंही बघितली: उजव्या पायाची लांब, टोकदार, कारण ती जमिनीवर घासतच नव्हती. आणि खांदे मात्र पैलवानासारखे झालेले, सगळा भार पुढे ढकलून. साहेब काट्यांकडे बघून म्हणाले, "हा काय बाजार मांडलायस?"

सोमवारी ती कामावर गेली. हुकूम साहेबांचा, पण लीशचा हुक माझ्याच हातानं काढला, हेही लिहून टाकतो. पाचव्या आठवड्यात डावा गुडघा गेला.

त्यानंतर मात्र मी कुणाचं ऐकलं नाही. सुरुवातीला ५-५ मिनिटं, दिवसातून चार वेळा, आखूड लीशवर रांगतोय म्हणावं इतकं हळू. ते नीट जमल्यावर बसणं-उठणं. यात कुत्री लबाडी करतात, दुखरा पाय बाजूला फाकवून बसतात, म्हणून भिंतीच्या कडेला बसवायचं, तो पाय भिंतीकडे ठेवून. मग जमिनीवर काठ्या आडव्या ठेवून एकेक पाऊल उचलून टाकायला लावणं. मग चढ. चढावर भार मागच्या पायांवर येतो, उतारावर पुढच्या, त्यामुळे तुमच्या कुत्र्याला चढ हवा. पाण्यातला ट्रेडमिल मिळाला तर उत्तमच. पाणी कमरेच्या सांध्यापर्यंत असलं की पायांवर वजनाचा जेमतेम ३८ टक्के भार येतो, गुडघ्यापर्यंत असलं तर ८५. पण खोल पाण्यात पोहायला सोडून 'व्यायाम झाला' म्हणू नका. पोहताना बरीच कुत्री पुढच्या पायांनीच पाणी कापतात, मागचे नुसते लोंबतात. आणि तेल चोळा म्हणणारे भेटतीलच. चोळल्यानं आखडलेपण कमी होतं, कुत्र्याला बरंही वाटतं. मांस धरत नाही.

मांडी टेपनं मोजा. कुत्रा चारही पायांवर उभा असताना, मांडीच्या वरच्या भागात, दोन्हीकडे नेमक्या त्याच उंचीवर, टेप न आवळता, आणि दर वेळी एकाच माणसानं. आमच्याकडे मी धरायचो एके ठिकाणी, सहकारी धरायचा दुसऱ्या, आणि आठवडाभरात दोन सेंटिमीटर 'वाढ' झाली म्हणून आम्ही नाचलो होतो.

आता तुमचं 'किती दिवसांत'. पाय टेकवणं बंद झालं की मांस दिवसांत उतरायला लागतं, आणि परत यायला महिने घेतं. मांडीची पुढची बाजू, जी उभं राहताना गुडघा सावरून धरते, ती सगळ्यात आधी उतरते. शिवाय नुसतं पडून राहिल्यानं सांध्यातली कूर्चा आणि लिगामेंटही कच्ची पडतात, म्हणून हाड जुळलं म्हणजे पाय तयार झाला हे गणित चूक आहे. तारा दुसऱ्या ऑपरेशननंतर साडेपाच महिन्यांनी कामावर आली. तिची उजवी मांडी पुढे कधीच पूर्ण भरली नाही, दीड सेंटिमीटरचा फरक राहिला. तेवढ्यावर ती आणखी चार वर्षं काम करून गेली. म्हणून तारीख ठरवून कुत्रा सोडू नका. हळू चालताना लंगडत नाही आणि दोन्ही काटे जवळपास सारखे दाखवतात, तेव्हा सोडा, तोही आधी थोडा वेळ, सपाटीवर, गरीब मेंढ्यांमागे.

एक कबूल करायला हवं. ज्या कुत्र्यांचा एका गुडघ्याचा हा लिगामेंट जातो, त्यातल्या जवळपास निम्म्यांचा दुसराही पुढेमागे जातो, कितीही जपलं तरी. तेव्हा ताराचा डावा पाय साहेबांमुळेच गेला असं मी शपथेवर सांगू शकत नाही. मनात मात्र तेच आहे. तुमच्या कुत्र्याचं हाड मोडलंय, त्यामुळे ही भीती तुम्हाला त्या मानानं कमी.

तुम्ही विचारलं नाहीत तरी: पंजा उलटा पडत असेल किंवा बोटं फरपटत असतील तर दुखणं नसेचं असू शकतं, मग वरचा व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. गुडघा वाकतच नसेल, पाय काठीसारखा ताठ राहत असेल, तर उद्या नको, आजच जा. मांडीचं हाड मोडलेल्या पिल्लांमध्ये हे फार होतं आणि एकदा स्नायू चिकटून आखडला की सहसा सुटत नाही. खाणं बेतानं ठेवा म्हणजे वजन वाढणार नाही, पण प्रथिनं कमी करू नका. आणि घरातल्या माणसांच्या वेदनाशामक गोळ्या, आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल, अजिबात देऊ नका, कुत्र्याच्या जिवावर बेततं.

उद्या नखं बघा, दोन काटे मांडा आणि आकडे इथंच खाली टाका. साहेबांचा नंबर अजून माझ्याकडे आहे, त्यांनाही पाठवतो.