तुझ्या अभ्यासक्रमात त्यावरचं पान आहे

प्रश्न : मी ग्रंथालय व माहितीशास्त्राच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वर्गीकरण आणि तालिकीकरण हे माझे आवडते विषय. इन्फर्मेशन आर्किटेक्चर, म्हणजे संकेतस्थळावरची माहिती लोकांना सापडेल अशी लावण्याचं काम, हे क्षेत्र अलीकडेच कळलं आणि हेच करायचं असं मनाने घेतलं. पण ओळखीत हे काम करणारं कोणीच नाही आणि आमच्या अभ्यासक्रमात त्यावर एक पानही नाही. युएक्सचा (वापरणाऱ्याच्या अनुभवाच्या रचनेचा) सहा महिन्यांचा एक कोर्स सापडलाय, पण फीसाठी कर्ज काढावं लागेल. घरचे तयार आहेत. कोर्स करू का? नाही केला तर शिकू कुठे आणि विचारू कोणाला?

उत्तर : कर्जाचं आधी सांगते, कारण ती घाई तुला महागात पडू शकते. आत्ता कर्ज काढू नकोस. या कामाला परवाना लागत नाही, आणि अमुक एक प्रमाणपत्र असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत असंही नाही. निवड करणारे तुझं केलेलं काम बघायला मागतात. शिवाय युएक्सच्या सर्वसाधारण कोर्समध्ये पडद्यांची मांडणी, रंग, बटणं यांवर बराच वेळ जातो आणि माहितीच्या रचनेच्या वाट्याला फार थोडा येतो. वर्षभराने नेमकं काय येत नाही हे तुला कळलेलं असेल, तेव्हा कोर्सचा विचार जरूर कर.

आता तुझ्या त्या ‘एक पानही नाही’बद्दल. द्विबिंदू वर्गीकरण शिकली आहेस ना? ग्रंथालयशास्त्रज्ञ एस. आर. रंगनाथन यांनी १९३३ मध्ये या पद्धतीत मांडलं की विषयाला एकाच कप्प्यात कोंबण्यापेक्षा त्याचे पैलू वेगळे करावेत आणि लागतील तसे जोडावेत. आज खरेदीच्या संकेतस्थळावर रंग, माप, किंमत, ब्रँड असे फिल्टर लावून आपण हजार वस्तूंतून दहा काढतो, त्यामागे पैलूंचा हाच विचार आहे. या व्यवसायातले लोक ‘फॅसेट’ (पैलू) हा शब्द रोज वापरतात आणि रंगनाथन यांचं नाव आदराने घेतात. लुई रोझेनफेल्ड आणि पीटर मॉरव्हिल यांनी १९९८ साली या क्षेत्रातलं पायाभूत पुस्तक लिहिलं. दोघंही मिशिगन विद्यापीठातून ग्रंथालयशास्त्र शिकलेले. मुखपृष्ठावरच्या प्राण्यामुळे सगळे त्याला ‘ध्रुवीय अस्वलाचं पुस्तक’ म्हणतात. २०१५ ची चौथी आवृत्ती मिळव, तिच्यात होर्हे अरांगो हे तिसरे लेखक आहेत. तू शिकतेस त्याच विषयातून आलेल्या माणसांनी हे क्षेत्र उभं केलंय, तेव्हा बाहेरून आल्यासारखी बिचकू नकोस.

त्याच्याही आधी ॲबी कोव्हर्ट यांचं ‘हाउ टू मेक सेन्स ऑफ एनी मेस’ वाच. छोटं आहे, भाषा सोपी आहे आणि इंटरनेटवर पूर्ण मोफत वाचता येतं. नीलसन नॉर्मन ग्रुप या युएक्समधल्या सल्लागार संस्थेचे लेखही मोफत आहेत. नेव्हिगेशन (पानांमधून फिरण्याची वाट), लेबल (मथळे) आणि कार्ड सॉर्टिंग (कार्डांचे गट करून घेणं) या तीन विषयांवरचे लेख निवडून वाच. वाचन इतकं पुरे. याहून जास्त यादी दिली तर तू वाचतच राहशील आणि काम सुरूच होणार नाही. असं झालेली मुलं मी पाहिली आहेत.

काम म्हणजे काय, ते एका प्रसंगावरून सांगते. काही वर्षांपूर्वी एका शिक्षणसंस्थेला आपल्या संकेतस्थळाचा मेनू नव्याने लावायचा होता. त्या बैठकांना मी जात असे. चाळीस पानांची नावं चाळीस कार्डांवर लिहून विद्यार्थ्यांपुढे ठेवली आणि सांगितलं, तुम्हाला जी एकत्र असावीत असं वाटतं त्यांचे गट करा. ‘शुल्क परतावा’ हे पान कार्यालयाने ‘लेखा विभाग’ या मथळ्याखाली ठेवलं होतं, कारण परतावा तोच विभाग देतो. एक मुलगी ते कार्ड हातात धरून कितीतरी वेळ बसली. मग तिने विचारलं, “लेखा म्हणजे लेखनाशी संबंधित का?” आणि ते कार्ड तिने ‘प्रवेश रद्द करणे’च्या शेजारी नेऊन ठेवलं. तिचं बरोबरच होतं. फी परत हवी असलेला विद्यार्थी प्रवेश रद्द करण्याच्या वाटेनेच येतो, त्याला विभागांची नावं कुठून ठाऊक असणार? शेवटी कोणता गट झाला हे सगळेच लिहून घेतात. कोणतं कार्ड हातात रेंगाळलं, कुठे ठेवून परत उचललं, हे लिहून घेणारा माणूस या कामात पुढे जातो.

तू हेच कर. तुझ्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचं संकेतस्थळ घे. त्यावरच्या प्रत्येक पानाची एक्सेलमध्ये नोंद कर : नाव, दुवा, कोणासाठी, शेवटचा बदल कधी. हे कंटाळवाणं काम आहे, पण वगळू नकोस, अर्धे घोळ इथेच सापडतात. मग तीस-चाळीस कार्डं कर आणि पंधरा वाचकांना एकेक करून बसव. पंधरा हा आकडा युएक्सचे अभ्यासक जेकब नीलसन यांनी २००४ मध्ये सुचवलेला आहे. त्यातून नवा मेनू तयार झाला की तो नुसत्या शब्दांत मांड, चित्रं नकोत, आणि दुसऱ्या वाचकांना विचार, ‘मुदतवाढ हवी असेल तर कुठे जाल?’ याला ट्री टेस्टिंग म्हणतात. लोक जिथे चुकले ते लपवू नकोस. तुझ्या पोर्टफोलिओत वाचण्याजोगा भाग तोच असेल.

आता माणसांचं. या क्षेत्राचं मोठं विद्यापीठ कुठे नव्हतंच, लोक एकमेकांना काम दाखवत शिकत गेले. २००० साली बोस्टनमध्ये पहिली आयए (इन्फर्मेशन आर्किटेक्चर) समिट झाली, तीच परिषद आता आयए कॉन्फरन्स या नावाने भरते. युरोपात २००५ मध्ये युरोआयए ही परिषद सुरू झाली. वर्ल्ड आयए डे २०१२ मध्ये सुरू झाला, तो स्वयंसेवक चालवतात आणि वेगवेगळ्या देशांतल्या शहरांत भरवतात. जवळपास कार्यक्रम असेल तर ऐकायला जाऊ नकोस, खुर्च्या लावायला, नोंदणीच्या टेबलावर बसायला जा. दिवसभर सोबत राबलेला माणूस पुढे लक्षात राहतो. मात्र एकाच संस्थेवर भिस्त ठेवू नकोस : इन्फर्मेशन आर्किटेक्चर इन्स्टिट्यूट ही या व्यवसायाची स्वतःची संस्था होती आणि ती २०१९ मध्ये बंद झाली. सभासदांच्या एकमेकांशी झालेल्या ओळखी मात्र टिकल्या.

अनोळखी व्यावसायिकाला लिहिताना ‘सर, मला या क्षेत्रात यायचंय, मार्गदर्शन करा’ असं लिहू नकोस. त्याला उत्तर काय द्यायचं हेच समोरच्याला कळत नाही. त्याऐवजी असं लिही : ‘पंधरांपैकी नऊ जणांनी हे पान या गटात ठेवलं, सहा जणांनी त्या. मी नाव बदलू की दोन्हीकडून दुवा देऊ?’ सोबत एक पानाचा तक्ता जोड. असा प्रश्न आला की जाणत्या माणसाला राहवत नाही. तरी दहांपैकी आठ जण गप्प राहतील, ते मनाला लावून घेऊ नकोस. वर्गातल्या दोन मैत्रिणींना गाठून आठवड्यातून एकदा एकमेकींचं काम तपासा, तो तुमचा पहिला व्यावसायिक गट.

नोकरी शोधताना एक सावधगिरी ठेव. ‘इन्फर्मेशन आर्किटेक्ट’ नावाच्या जागा मोजक्या असतात, आणि काही जाहिरातींत या शब्दाचा अर्थ डेटाबेसची रचना करणारा तंत्रज्ञ असा असतो. म्हणून टॅक्सॉनॉमिस्ट, कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट, कंटेंट डिझायनर, युएक्स रिसर्चर, नॉलेज मॅनेजमेंट या नावांनीही शोध. टॅक्सॉनॉमी (वर्गवारी) आणि मेटाडेटाच्या (माहितीबद्दलच्या नोंदींच्या) जागांसाठी तालिकीकरण मनापासून आवडणारी मुलगी मिळाली तर कंपनीचंच भलं आहे, हे अर्जात ठळक लिही.

पानांची नोंद आणि कार्डांचे निकाल तयार झाले की मला पाठव. लेबलांवर मला बोलता येईल, तेवढं मी नक्की वाचेन.