'अंडरग्राउंड'मधली जादू खरी धरायची की खोटी? (उत्तर लांबलंय, सवडीने वाचा)

तुमचा प्रश्न असा की दिग्दर्शक कुस्तुरित्साचा युगोस्लाव्हियावरचा चित्रपट 'अंडरग्राउंड' पावणेतीन तास बसून बघितला, बँड आवडला, पण माणसं वीस वर्षं तळघरात कशी राहतील, नवरी हवेत तरंगते ते काय, आणि वर तुमचा मित्र म्हणतो की हा सगळा सर्बियाचा प्रचार आहे. तर खरं काय धरायचं, आणि आधी युगोस्लाव्हियाचा इतिहास वाचून मग परत बघू का.

आधी वाचून मग बघा असं मी नाही सांगणार. मी पहिल्यांदा बघितला तो पुण्यात एका फिल्म क्लबमध्ये, डीव्हीडीवरून, सबटायटल सतत दोन वाक्यं मागे, आणि टिटो, म्हणजे युगोस्लाव्हियाचा कम्युनिस्ट सर्वेसर्वा, सोडून एकही नाव ओळखीचं नव्हतं. टिटो पण कसा माहीत तर शाळेत नेहरू, नासर आणि टिटो, अलिप्ततावादी चळवळ, एवढी एक ओळ पाठ केलेली म्हणून. तरी त्या रात्री घरी येऊन झोप लागली नव्हती. त्यानंतर तीनदा बघितला आणि दरवेळी थोडा वेगळा कळला, तेव्हा जे सांगतोय ते चार वेळा बघून झालेलं मत आहे.

सुरुवातीचा प्राणिसंग्रहालयाचा सीन आठवा. सकाळची वेळ, तोतरा इव्हान जनावरांना खायला घालतोय आणि एकदम बाँब पडायला लागतात, पिंजरे फुटतात, जनावरं शहराच्या रस्त्यावर. आता हे बघताना कुणालाही वाटतं की दिग्दर्शकाची कल्पना आहे, हत्ती रस्त्यावरून चाललाय म्हणजे हीच ती जादू. पण 6 एप्रिल 1941 ला जर्मन विमानांनी बेलग्रेडवर बाँब टाकले तेव्हा तिथलं प्राणिसंग्रहालय खरंच त्या माऱ्यात सापडलं होतं आणि जनावरं खरंच शहरात सुटली होती. म्हणजे चित्रपटातला सगळ्यात स्वप्नासारखा सीन हा इतिहास आहे.

आता त्याच्या थोडंच पुढचं बघा. जुनी ब्लॅक अँड व्हाइट फुटेज येते, जर्मन सैन्य मारिबोरमध्ये शिरतंय, झाग्रेबमध्ये शिरतंय, लोक हात वर करून स्वागत करतायत, आणि मग बेलग्रेड, नुसते ढिगारे. वर 'लिली मार्लेन' गाणं. ही फुटेज खरी आहे, एक फ्रेम बनावट नाही. पण मारिबोर स्लोव्हेनियात, झाग्रेब क्रोएशियात, बेलग्रेड सर्बियात, आणि चित्रपट आलाय 1995 साली, जेव्हा युगोस्लाव्हियाचे हे भाग 1991 पासून फुटून वेगळे देश झालेत आणि लढाई अजून चालू आहे. त्या वर्षी ही तीन शहरं या क्रमाने एकापाठोपाठ लावणं म्हणजे काय ते तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. स्वागत करणारे कोण आणि मार खाणारे कोण. स्लोव्हेनिया-क्रोएशियात जर्मनांशी लढलेले पार्टिझान, म्हणजे गनिमी लढवय्ये, होते आणि सर्बियात जर्मनांच्या हाताखाली काम करणारं सरकार होतं, ते त्या दोन मिनिटांत येत नाही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच की या भागातले चित्रपट बघताना आपली सवय उलटी करायची. जे अशक्य दिसतं तिथे थांबून विचारा की हे घडलं होतं का, बऱ्याचदा घडलेलं असतं. आणि जे पुरावा म्हणून समोर येतं तिथे विचारा की हे कुणी निवडलं. मित्राच्या प्रश्नाचं उत्तर पण यातच आहे, त्याच्याकडे परत येतो.

तळघर. मार्को हा पार्टिझान आणि स्मगलर, आपल्याच जिवलग मित्राला, ब्लॅकीला, भावाला, शेजाऱ्यांना तळघरात लपवतो, ती माणसं खाली बंदुका बनवतात, युद्ध 1945 ला संपतं आणि मार्को ते त्यांना सांगतच नाही. वरून सायरनच्या रेकॉर्डी वाजवतो, जर्मन रेडिओ ऐकवतो, खालची माणसं घाबरून अजून बंदुका बनवतात, वर मार्को टिटोच्या बाजूला उभा राहून मोठा पुढारी होतो. (टिटोच्या जुन्या फुटेजमध्ये मार्कोला घुसवलंय ते परत बघा, किती सफाईने केलंय.) यात मला सगळ्यात जास्त अंगावर येतं ते घड्याळ. म्हातारा आजोबा रोज घड्याळाचे काटे सहा तास मागे घेतो. दिवसाला सहा तास म्हणजे चार दिवसांमागे एक दिवस, वीस वर्षांत पाच वर्षं गायब. खालच्यांना वाटतं पंधराच झाली. त्यांची पाच वर्षं कुणीतरी खिशात घातली आणि त्यांना पत्ता नाही. आणि त्यांचं खाली बरं चाललंय हो, लग्न होतात, पोरं होतात, बँड वाजतो, माकड पाळलंय. नवरी हवेत तरंगते ती याच तळघरातल्या लग्नात, आणि कळायला लागतं की हा आनंद खरा आहे, फक्त ज्यावर तो उभा आहे ते खोटं आहे. मग ब्लॅकीचा मुलगा योवान, जो खालीच वाढला, पहिल्यांदा बाहेर येतो, रात्र असते, आणि चंद्र बघून विचारतो हा सूर्य का. मला तिथे दरवेळी भरून येतं.

तर वीस वर्षं माणसं तळघरात कशी राहतील? एक गोष्ट सांगतो. टिटोचा जन्म 7 मे 1892 चा, पण सगळा देश त्याचा वाढदिवस 25 मे ला साजरा करायचा, युवक दिन म्हणून. पोरं मशालीसारखी एक बॅटन घेऊन देशभर पळत यायची आणि बेलग्रेडच्या स्टेडियममध्ये ती त्याच्या हातात द्यायची. 4 मे 1980 ला टिटो गेला. बॅटन थांबली नाही. माणूस नाही, तारीख मुळात त्याची नाही, तरी पुढे काही वर्षं पोरं पळत होती. आता हे एखाद्या पटकथाकाराने लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं जरा जास्त होतंय. ज्या देशात हे शाळेतल्या पोरांनी मनापासून केलंय तिथल्या माणसाला तळघराची गोष्ट अशक्य वाटत नाही.

याचाच पुढचा भाग म्हणजे सर्बियन दिग्दर्शक झेलिमिर झिल्निकने 1994 मध्ये केलेली एक डॉक्युमेंटरी. एका नटाला टिटोचा गणवेश चढवला आणि बेलग्रेडच्या रस्त्यावर सोडला, कॅमेरा मागे. लोक थांबतात, त्याच्याशी बोलायला लागतात. नट आहे हे समोर दिसतंय, तरी तक्रारी सांगतात, तुम्ही होतात तेव्हा बरं होतं म्हणतात, काही जण तोंडावर दोष पण देतात की हे सगळं तुमच्यामुळेच झालं. ट्रिक काही नाही, नुसता युनिफॉर्म आणि रस्ता. मला वाटतं या विषयावरचं सगळ्यात मोठं काम ते आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं. नंतर 1999 ला क्रोएशियात विन्को ब्रेशानने 'मार्शल' केला, त्यात एका बेटावर टिटोचं भूत दिसायला लागतं आणि मेयर त्यावर पर्यटन चालू करायला बघतो. कॉमेडी आहे, हलकी आहे, पण भूत फक्त टिटोचंच का दिसावं याचा विचार करून बघा.

आता तुमच्या मित्राचं म्हणणं. त्याला झटकू नका. कान फेस्टिव्हलमध्ये 'अंडरग्राउंड'ला पाम दॉर, म्हणजे तिथला सर्वोच्च पुरस्कार, मिळाला 28 मे 1995 ला. त्याच्या तीन दिवस आधी, 25 मे ला, म्हणजे त्याच युवक दिनाला, बोस्नियातल्या तुझ्ला गावात चौकात जमलेल्या लोकांवर बोस्नियन सर्ब सैन्याकडून तोफगोळा पडला आणि 71 माणसं गेली, बहुतेक तरुण पोरं. बोस्नियाची राजधानी सारायेव्होला बोस्नियन सर्ब सैन्याचा वेढा चालूच होता. जुलैमध्ये बोस्नियातल्याच स्रेब्रेनित्सा गावी हत्याकांड झालं, त्याच सैन्याने आठ हजारांच्या आसपास मुस्लिम पुरुष आणि पोरं मारली. आणि कुस्तुरित्सा हा सारायेव्होत जन्मलेला, तिथेच वाढलेला माणूस, त्याने सर्बियाच्या सरकारी टीव्हीचा सहभाग असलेला चित्रपट केला, हे त्याच्याच शहरातल्या लोकांना सहन होणं शक्य नव्हतं. फ्रान्समध्ये फिंकेलक्रोत नावाच्या विचारवंताने ल माँद या वर्तमानपत्रात कडक लेख लिहिला, तोही चित्रपट न बघता, जे मला अजिबात पटत नाही. पण न बघता लिहिलं म्हणून मुद्दा आपोआप खोटा ठरत नाही. मोठा वाद झाला, कुस्तुरित्साने चित्रपटच सोडतो म्हणून जाहीर केलं, पुढे परत आला.

मी काही वर्षं जर्मनीत नोकरीला होतो, तिथे ऑफिसात तुझ्लाचा एक जण होता. एकदा जेवताना मी उत्साहाने या चित्रपटाचा विषय काढला. तो म्हणाला मी बघितला नाही आणि बघणार नाही. मग थोड्या वेळाने स्वतःच म्हणाला, त्यातली गाणी मात्र माझ्या लग्नात वाजली. एवढंच, पुढे काही बोलला नाही आणि मी पण विचारलं नाही. मला जो काही 'अंडरग्राउंड' कळला त्यातला बराच त्या जेवणात कळला.

माझं मत सांगतो. प्रचारपट म्हणण्याइतका तो साधा नाही, कारण त्यातला सगळ्यात मोठा खोटारडा मार्को हा बेलग्रेडचा पुढारीच आहे आणि शेवटच्या भागात शस्त्रं विकणारा पण तोच. चर्चच्या आवारात उलट्या टांगलेल्या ख्रिस्ताभोवती जळती व्हीलचेअर गोल गोल फिरते, तो सीन कुणाची बाजू घेणाऱ्या माणसाला सुचणार नाही. पण एक दोष आहे आणि तो जादूमुळेच येतो. सगळे प्यायलेले, सगळे वेडे, सगळे गात गात मरतायत असं दाखवलं की युद्ध हे पूर किंवा भूकंपासारखं वाटायला लागतं, आलं आणि सगळं घेऊन गेलं. युद्ध असं येत नाही. कुणीतरी यादी करतं, कुणीतरी बस बोलावतं, कुणीतरी गोळी घालायचा हुकूम देतं. ती यादी करणाऱ्या माणसाचा चेहरा 'अंडरग्राउंड'मध्ये दिसत नाही. मला चित्रपट जीव लावून आवडतो आणि तरी ही गोष्ट खुपते, दोन्ही खरं आहे.

आणि हे त्याला येत नव्हतं असंही नाही. दहा वर्षं आधीचा त्याचाच 'बाबा कामानिमित्त बाहेरगावी गेले होते तेव्हा' बघा (इंग्रजी नावाने शोधा, 'व्हेन फादर वॉज अवे ऑन बिझनेस', 1985, त्यालाही पाम दॉर होता). 1948 मध्ये टिटो आणि स्टॅलिन यांचं फाटलं, त्यानंतर स्टॅलिनच्या बाजूचा असल्याचा नुसता संशय आला तरी माणसं उचलत. इथे बापाने वर्तमानपत्रातलं एक कार्टून बघून एवढंच म्हटलं की हे जरा अति झालं. ते वाक्य त्याच्या प्रेयसीकडून त्याच्या मेव्हण्यापर्यंत जातं आणि मेव्हणा पक्षाचा अधिकारी. बाप खाणीत, आणि पोराला सांगितलंय की बाबा कामाला बाहेरगावी गेलेत. पोरगा झोपेत चालतो. बस, जादू एवढीच, एक सहा वर्षांचं पोर झोपेत रस्त्याने चाललंय. पण कुणी कुणाला पकडून दिलं ते इथे नावानिशी आहे, एकाच जेवणाच्या टेबलावर बसलंय. नंतर ते कुटुंब बोस्नियातल्या झ्वोर्निकला राहायला जातं. त्याच झ्वोर्निकमधून 1992 मध्ये मुस्लिम कुटुंबांना मारून, हाकलून काढलं. 1985 च्या चित्रपटातलं हे कुटुंबही मुस्लिम आहे, त्यातल्या पोरांची सुंता थाटामाटात होताना दिसते. पुढे झ्वोर्निकमध्ये काय होणार, ते चित्रपट करताना कुणाला माहीत असणार.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. मॅसेडोनियाचा 'बिफोर द रेन' (1994) जरूर बघा, तीन गोष्टी आहेत आणि त्यांचा काळ गोल फिरून परत सुरुवातीला येतो पण नीट जुळत नाही, मुद्दाम. तेव्हा मॅसेडोनियात लढाई नव्हती, ती 2001 मध्ये झाली. ग्रीक दिग्दर्शक अँजेलोपूलोसचा 'युलिसिस गेझ' 'अंडरग्राउंड'च्या वर्षीचाच, डॅन्यूबवरून एका बार्जवर लेनिनचा भला मोठा तुटका पुतळा आडवा चाललाय आणि काठावरची माणसं गुडघे टेकून छातीवर क्रॉसची खूण करतायत, तो सीन अक्षरशः श्वास रोखून बघावा असा आहे, पण चित्रपट संथ आहे, थकलेलं असताना लावू नका. आणि बोस्नियाचा 'नो मॅन्स लँड', ज्याने 2002 च्या ऑस्करला आपल्या गोवारीकरांच्या 'लगान'ला मागे टाकलं, तेव्हा मी पण चिडलो होतो, मग बघितला आणि राग गेला. त्यात जादू अजिबात नाही. एक माणूस सुरुंगावर पडून आहे, उठला तर उडेल. एवढंच.

पण तुम्ही 'अंडरग्राउंड' परत लावण्याआधी एकच बघा, स्लोबोदान शियानचा 'को तो तामो पेवा', 1980 चा, इंग्रजी नाव 'हूज सिंगिंग ओव्हर देअर'. लिहिलाय दुशान कोवाचेविचने, म्हणजे ज्याच्या नाटकावरून आणि कुस्तुरित्साबरोबरच्या पटकथेवरून 'अंडरग्राउंड' झाला तोच. एक खटारा बस, बापलेक मालक आणि ड्रायव्हर, काही पॅसेंजर, दोन रोमा (जिप्सी) गाणारे, बेलग्रेडला निघालेत. तारीख 5 एप्रिल 1941. म्हणजे जिथे 'अंडरग्राउंड' सुरू होतो त्याच्या आदला दिवस, एकाच लेखकाने पंधरा वर्षांच्या अंतराने एकाच पहाटेच्या दोन बाजू लिहिल्यात. पॅसेंजरला काही माहीत नाही, आपल्याला सगळं माहीत आहे, आणि ते पूर्ण रस्ताभर भांडतायत की तिकीट कुणी काढलं नाही आणि खिडकीशी कोण बसणार. दीड तास पण नाही. बघून झाला की इथेच लिहा, त्यातल्या हरवलेल्या पाकिटाबद्दल मला बोलायचंय पण तुमचा बघून झाल्याशिवाय नको.