केशराच्या शेतावर जायचंय, पण कधी?

प्रश्न : दिवाळीच्या सुट्टीत आम्ही काश्मीरला चाललोय. श्रीनगरचा ड्रायव्हर म्हणतो पांपोरला माझ्या मामांचं केशराचं शेत आहे, दाखवतो, केशरपण घरचंच घ्या. जावं का? ओरिजिनल कसं ओळखायचं? आणि कंद आणून गच्चीत लावले तर येतील का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : ताई, बिनधास्त जा! पांपोर श्रीनगरपासून पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर आहे, जम्मू हायवेलाच. फक्त तारखा बघून घ्या, फुलं येतात ऑक्टोबरच्या मध्यापासून साधारण नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत, म्हणजे दिवाळी उशिरा असेल तर शेवटचीच मिळतील. मे महिन्यात जाऊन "कुठंय केशर?" विचारणारे आपल्याकडचेच असतात म्हणे. आणि ड्रायव्हर अकराला निघू म्हणाला तर ऐकू नका, तोडणी सकाळी लवकर असते, ऊन चढलं की फूल मलूल होतं. फूल जमिनीलगतच येतं, त्यामुळे तोडणारे सगळे कंबरेत वाकलेले. फोटोसाठी वाफ्यात घुसू नका प्लीज, मधल्या चरीतून चाला.

पण माझं ऐकाल तर शेतात अर्धा तास पुरे, खरी मजा घरात आहे. टोपल्यांमधली फुलं चादरीवर ओततात आणि आजीपासून नातवंडांपर्यंत सगळे भोवती बसून निवडत असतात. एक फूल मागून घ्या हातात. जांभळ्या पाकळ्या सहा, आत तीन पिवळे पुंकेसर (ते केशर नव्हे, भेसळीत मात्र चालतात!) आणि तीन लाल काड्या, खाली फिकट देठाला जोडलेल्या. नुसता लाल भाग खुडला तर मोंगरा, देठासकट ठेवला तर लच्छा, आणि भाव मोंगऱ्याला जास्त. वाळलेल्या किलोभर केशराला दीड लाखाच्या आसपास फुलं लागतात, म्हणजे एक ग्रॅमच्या डबीत दीडशे फुलं झाली, आता तुम्हीच सांगा घासाघीस कशी करायची, आणि कोणी फारच स्वस्त देत असेल तर घेऊच नका.

ओळखायचं म्हणाल तर दोन काड्या पाण्यात टाका. लगेच लालभडक रंग सुटला तर गडबड आहे, खरं केशर सावकाश पिवळं-सोनेरी होत जातं आणि काडी लालच राहते. चव कडवट हवी, गोड लागलं तर डबी परत द्या. पण या टेस्टने इराणी की काश्मिरी ते कळत नाही हां, दोन्ही खरंच केशर, आणि इराणी माल काश्मिरी म्हणून खपवणं हाच तिथला मोठा घोळ. काश्मिरी केशराला २०२० मध्ये जीआय टॅग (म्हणजे भौगोलिक मानांकन) मिळालाय आणि पांपोरजवळ डुस्सूला सरकारी स्पाइस पार्कमध्ये टेस्टिंग-ग्रेडिंग होतं, तिथून लेबल लागलेलं घेतलं तर जास्त खात्रीचं. मामांकडूनही घ्या, पण ग्रॅम-दोन ग्रॅमच, श्रीखंडाला तेवढं खूप होतं.

कंदाचं मात्र विसरा. या झाडाला बी धरत नाही, कंदाला कंद फुटूनच वाढतं, त्यात तिकडे साळिंदरं कंद उकरून खातात म्हणून शेतकरी आधीच वैतागलेत. पुण्यात कंटेनरमध्ये एसी लावून केशर घेतलंय लोकांनी, पण नाशिकच्या गच्चीत एप्रिलच्या उन्हात कंद भाजून निघतील.