परदेशातील सामुदायिक शेतीवर उमेदवारी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी बी.एस्सी. (कृषी) पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वाळवा तालुक्यात आमची तीन एकर जमीन असून तीत ऊस आणि थोडा भाजीपाला असतो. 'रावे'च्या (गावात राहून शेतीकामाचा अनुभव घेण्याच्या सत्राच्या) काळात एका सरांकडून परदेशातील सामुदायिक शेतीविषयी, म्हणजे ग्राहक कुटुंबे हंगामाआधीच पैसे भरून पिकाचे वाटेकरी होतात त्या शेतीविषयी, ऐकले आणि अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या अशा एका शेताला पत्र पाठवले. मे ते ऑक्टोबर काम करावे, त्याबदल्यात राहणे, जेवण आणि थोडा हातखर्च मिळेल, असे त्यांचे उत्तर आले आहे. 'बरेच जण पर्यटक व्हिसावर येतात, तुम्हीही तसेच या,' असेही त्यात लिहिले आहे. वडिलांचे म्हणणे असे की, भांगलणच करायची तर घरचे रान काय वाईट आहे? मी जावे का?
— एक विद्यार्थी, जि. सांगली

उत्तर : जावे की नाही हे सांगण्याआधी तुमच्या पत्रातील एका वाक्याबद्दल स्पष्ट लिहिणे मला भाग आहे. पर्यटक व्हिसावर जाऊ नका. पगार मिळत नाही म्हणजे ती नोकरी नव्हे, अशी आपल्याकडे समजूत असते. परंतु शेतावर रोज आठ-दहा तास राबायचे आणि त्याबदल्यात निवारा, जेवण व हातखर्च घ्यायचा, हे अमेरिकेच्या कायद्याच्या दृष्टीने कामच ठरते आणि पर्यटकाला काम करण्याची मुभा नसते. विमानतळावरचा अधिकारी प्रवाशाचा फोन तपासू शकतो. शेताशी झालेला तुमचा पत्रव्यवहार त्याच्या हाती लागला तर तेथूनच परत फिरावे लागेल, आणि 'फिरायला आलो आहे' असे खोटे सांगितल्याची नोंद झाली तर कायमची प्रवेशबंदीही होऊ शकते. उद्या उच्च शिक्षणासाठी अर्ज कराल तेव्हा ती नोंद आडवी येईल. ज्यांनी तुम्हाला असे या म्हणून लिहिले, त्यांचा हेतू वाईट असेलच असे नाही, पण त्यांच्या सल्ल्याची झळ तुम्हालाच बसणार आहे.

सरळ मार्ग उपलब्ध आहे. 'जे-१' या विनिमय (शैक्षणिक-सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या) व्हिसात 'इंटर्न' असा वर्ग असून त्यात शेतीचाही समावेश होतो. अमेरिकेबाहेरील महाविद्यालयात शिकत असलेला किंवा पदवी मिळून बारा महिने उलटले नाहीत असा उमेदवार त्याला पात्र ठरतो आणि जास्तीत जास्त १२ महिने प्रशिक्षण घेऊ शकतो. म्हणजे निकालानंतर वर्षभर विचार करत राहिलात तर ही वाट बंद होईल. शेतमालक तुम्हाला थेट बोलावू शकत नाही. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची मान्यता असलेली प्रायोजक संस्था मध्ये असावी लागते. ही संस्था इंग्रजीची चाचपणी करते, 'डीएस-२०१९' हे प्रमाणपत्र देते, आणि त्याआधी 'डीएस-७००२' नावाचा प्रशिक्षण आराखडा तयार करवून घेते, ज्यावर तुमची, शेतमालकाची आणि संस्थेची अशा तिघांच्या सह्या असतात. कोणत्या टप्प्यात काय शिकवले जाईल, देखरेख कोणाची असेल आणि मोबदला किती मिळेल, हे सर्व त्यात लिहावे लागते. केवळ अकुशल मजुरी करून घेण्यासाठी उमेदवार आणण्यास नियमांत मनाई आहे. पंचवीसपेक्षा कमी कामगार असलेले शेत या कार्यक्रमात पहिल्यांदाच सहभागी होत असेल, तर संस्थेने आधी जागेवर जाऊन पाहणी करणे बंधनकारक असते. त्या शेताला लिहा की, मी याच मार्गाने येईन. ते तयार झाले नाहीत तर दुसरे शेत शोधा.

खर्चाचाही हिशेब आधी मांडा. सेविस (परदेशी विद्यार्थी व विनिमय अभ्यागतांची नोंद ठेवणारी अमेरिकी सरकारी यंत्रणा) नोंदणीचे २२० डॉलर आणि व्हिसा अर्जाचे १८५ डॉलर हा त्यातला लहान भाग आहे. प्रायोजक संस्थेचे शुल्क, विमा आणि विमानभाडे हा मोठा भाग आहे, आणि तो हातखर्चातून भरून निघेल अशी आशा धरू नये. घरची जमीन तारण ठेवून जाण्याच्या योग्यतेचा हा प्रवास नाही, असे माझे ठाम मत आहे.

आता वडिलांच्या प्रश्नाकडे येतो, कारण या पत्रातला सर्वांत मोलाचा प्रश्न तोच आहे. भांगलण तिथेही भांगलणच असते. मी स्वतः ऐन तिशीत त्याच भागातील एका शेतावर एक हंगाम काढला आहे, आणि पहिल्या महिन्यात गाजराच्या वाफ्यातील तण उपटताना मलाही हाच प्रश्न पडत होता. पिकांची लागवड, रोपवाटिका, ठिबक, आच्छादन यांपैकी बऱ्याच गोष्टी तुम्ही महाविद्यालयात शिकला आहात आणि काही बाबतींत आपले शेतकरी पुढे आहेत. गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरण्याची जैवगतिक (बायोडायनॅमिक) शेतीतील पद्धत तिथल्या अनेक सामुदायिक शेतांवर दिसते. आपल्याकडेही सेंद्रिय शेती करणारे शेतकरी ते शिंगखत करतात. एवढ्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज नाही.

तिथे जाऊन शिकण्यासारखी गोष्ट आहे ती शेताच्या हिशेबाची. आपला शेतकरी टोमॅटोची गाडी भरून बाजार समितीत पाठवतो आणि गाडीभाडे, हमाली, तोलाई वजा होऊन पट्टी हातात आली की आपण कमावले की गमावले हे त्याला कळते. पेरणीपासून पट्टीपर्यंतचा सगळा धोका त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असतो. सामुदायिक शेतीने हा क्रमच उलटा केला. जपानमध्ये १९७१ साली सेंद्रिय शेती संघटना स्थापन झाली आणि त्या दशकात शहरातील कुटुंबे व शेतकरी यांच्यातील थेट भागीदारीची 'तेइकेइ' ही पद्धत तिथे रुजली. युरोपात स्वित्झर्लंड व जर्मनीत असेच प्रयोग झाले. अमेरिकेत त्याची सुरुवात तुम्ही जाऊ पाहता त्याच मॅसॅच्युसेट्समध्ये झाली. साउथ एग्रेमाँट येथील इंडियन लाइन फार्मवर रॉबिन व्हॅन एन यांनी १९८५ च्या शरद ऋतूत आधी फक्त सफरचंदाच्या बागेचे तीस वाटे शेजाऱ्यांना विकून पाहिले आणि पुढच्या वर्षी भाजीपाल्याचे वाटे सुरू केले. त्याच १९८६ साली शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यात टेम्पल-विल्टन कम्युनिटी फार्म उभे राहिले.

टेम्पल-विल्टनची रीत मला विशेष वाटते. हंगामापूर्वी सभा भरते आणि शेतकरी वर्षभराच्या खर्चाचा अंदाज सर्वांसमोर वाचून दाखवतात, ज्यात बियाणे, यंत्रांची दुरुस्ती, जनावरांचा चारा यांबरोबर शेतकऱ्याच्या स्वतःच्या घरखर्चाचाही समावेश असतो. मग प्रत्येक कुटुंब आपल्या ऐपतीप्रमाणे आकडा सांगते. बेरीज कमी भरली तर ज्यांना शक्य आहे ते आपला आकडा वाढवतात, आणि खर्च भागेपर्यंत हे चालते. त्यानंतर भाजीला किलोचा भाव उरत नाही. प्रत्येकाने गरजेप्रमाणे न्यायचे असते. गारपीट झाली तर टोपलीत कमी पडते आणि ते कमीपण सगळे मिळून सोसतात. आपल्याकडील सावड किंवा इर्जिक ही श्रमाची भागीदारी होती. येथे खाणारा माणूस जोखमीचा भागीदार होतो. स्वतःच्या घरखर्चाचा आकडा भरसभेत न संकोचता सांगणारा शेतकरी मी तिथे पहिल्यांदा पाहिला. त्या रात्री मला माझे वडील फार आठवले, कारण त्यांनी आपल्या श्रमाची किंमत आयुष्यात कधी कोणासमोर उच्चारली नव्हती.

म्हणून शेत निवडताना पिके विचारू नका. विचारायचे ते असे : वाटेकऱ्यांची सभा केव्हा होते आणि उमेदवाराला तीत बसू देतात का; शेताचे अंदाजपत्रक पाहायला मिळेल का; वाटपाच्या दिवशी मला वाटेकऱ्यांसमोर उभे करणार की मागच्या बाजूला भाज्या धुवायला ठेवणार. वाटपाचा दिवस हा तिथला खरा वर्ग आहे. पहाटे तोडलेली पालेभाजी गार पाण्यात बुडवून तिची उष्णता काढायची, बीट आणि गाजराच्या जुड्या मांडायच्या, आणि मग बाई येऊन विचारते की, गेल्या आठवड्यात काकड्या इतक्या का होत्या व या आठवड्यात एकही का नाही. त्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर देता येणे हे या पद्धतीचे अर्धे कौशल्य आहे. वाटप बहुधा जून ते ऑक्टोबर चालते, तर अंदाजपत्रकाची सभा हिवाळ्यात किंवा वसंताच्या तोंडाला होते. त्यामुळे शक्य असेल तर मे महिन्याऐवजी मार्चमध्ये पोहोचा. 'क्राफ्ट' या नावाने १९९४ पासून त्या परिसरातील शेते आपल्या उमेदवारांना एकमेकांच्या शेतावर पाठवतात. तुमचे शेत त्यात असेल तर एका हंगामात अनेक हिशेब पाहायला मिळतील.

ऑक्टोबर संपण्याआधी परतू नका, एवढी एक विनंती आहे. आपल्याकडे लसूण लावतात त्याच सुमारास तिथेही लावतात, पण आपला लसूण चार-साडेचार महिन्यांत काढणीला येतो, तर तिथला पेंढ्याच्या आच्छादनाखाली आणि बर्फाखाली हिवाळा काढून जुलैत निघतो. लावणीला काही वाटेकरी मुलाबाळांसह येतात. त्यांनी पुढच्या वर्षाचा लसूण आजच आपला मानलेला असतो, आणि हे त्यांच्या वागण्यात दिसते.

तेव्हा, वडिलांना हे पत्र वाचून दाखवा. आराखड्यावर सह्या झाल्या आणि सभेत बसण्याची परवानगी मिळाली तर जरूर जा; नुसते हात हवे असलेल्या शेतावर जायचे असेल तर वडिलांचे म्हणणे बरोबर आहे.

प्रश्न : माझी मुलगी २३ वर्षांची असून तीही अशाच शेतावर जाणार आहे. तिची कागदपत्रे रीतसर झाली आहेत. आम्ही शाकाहारी आहोत. तिथे राहण्या-जेवण्याचे व सुरक्षिततेचे काय, याची काळजी वाटते.
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, तुमची काळजी योग्य आहे, आणि बरीचशी काळजी निघण्यापूर्वीच मिटवता येते. स्वतंत्र खोली आहे का, तिला आतून कडी आहे का, शेताच्या घरात आणखी कोण राहते, जवळचे गाव किती दूर आहे आणि सुटीच्या दिवशी तिथे जाण्याची सोय काय, हे मुलीने लेखी विचारून घ्यावे. मागील वर्षी त्या शेतावर राहिलेल्या एखाद्या मुलीशी बोलायला मिळावे, असाही आग्रह धरावा. चांगले शेत याला कधी नकार देत नाही. काही खटकले तर प्रायोजक संस्थेला कळवता येते, आणि तो क्रमांक तुमच्याकडेही असू द्या.

जेवणाची अडचण तुम्हाला वाटते तेवढी येणार नाही, कारण भाज्या मुबलक असतात आणि स्वयंपाक बहुधा पाळीपाळीने होतो. मात्र अनेक शेतांवर कोंबड्या व डुकरे पाळतात आणि त्यांची कत्तलही कधी तिथेच होते. 'त्या कामात मी मदत करणार नाही' हे तिने पहिल्याच पत्रात सांगावे. ऐनवेळी सांगितल्याने दोन्ही बाजूंना अवघडल्यासारखे होते.

ज्या गोष्टीची तुम्हाला कल्पना नसेल ती गोचिडाची. न्यू इंग्लंड भागात, म्हणजे मॅसॅच्युसेट्ससह अमेरिकेच्या ईशान्येकडील राज्यांत, हरणांवरील बारीक गोचिडांमुळे लाइम नावाचा आजार पसरतो. कनेक्टिकटमधील एका गावावरूनच त्याला हे नाव पडले. हा गोचीड खसखशीच्या दाण्याएवढाही असतो. फिक्या रंगाची लांब विजार घालून ती मोज्यात खोचावी, रोज संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काखा, मान, गुडघ्याच्या मागची बाजू आणि केसांची मुळे तपासावीत, गोचीड दिसलाच तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावा. नंतरच्या दिवसांत लाल चट्टा पसरू लागला किंवा ताप आला तर डॉक्टरांकडे जाण्यास एक दिवसही लावू नये, कारण वेळेत औषध मिळाले तर हा आजार बरा होतो. 'जे-१' व्हिसावर प्रत्येक आजार किंवा अपघातासाठी किमान १ लाख डॉलरचा विमा सक्तीचा असतो. विम्याच्या कागदात शेतीकाम वगळलेले नाही ना, हे तुम्ही स्वतः वाचून पाहा.

प्रश्न : मी बारावी शिकलेला, ३८ वर्षांचा द्राक्ष बागायतदार आहे. मला हे शिकायला जाता येईल का?
— एक शेतकरी, निफाड

उत्तर : 'जे-१' मध्ये 'ट्रेनी' असा दुसरा वर्ग आहे. आपल्या व्यवसायाचा पाच वर्षांचा अनुभव असेल तर त्यासाठी पदवी लागत नाही. इंग्रजी मात्र कामापुरते यावे लागते आणि अनुभवाचे पुरावे द्यावे लागतात. परंतु तुमच्या बागेला इतके महिने मालकाशिवाय ठेवण्याचा सल्ला मी देणार नाही. तुम्हाला वाटपाची पद्धत पाहायची आहे, तर दोन-तीन आठवड्यांसाठी रीतसर पाहुणा म्हणून जावे. शेते पाहणे, शेतकऱ्यांशी बोलणे, परिषदांना बसणे याला अभ्यागत व्हिसा चालतो. जेवणाच्या बदल्यात खुरपे हाती घेणे चालत नाही, हे लक्षात असू द्या. ऑगस्टचा उत्तरार्ध निवडा. तेव्हा तिथे टोमॅटो आणि मका भरात असतात आणि वाटपाची टेबले ओसंडून वाहतात. सप्टेंबरच्या मध्यापर्यंत परतलात, तर ऑक्टोबर छाटणीला तुम्ही बागेत असाल.