आधी विद्यार्थी ठरव, मग विद्यापीठ

पोरी,

तुझी मेल वाचली. जर्मन शिकवण्याच्या एमएसाठी लाइपझिग, येना, म्युनिक, बीलेफेल्ड अशा इथल्या जर्मनीतल्या विद्यापीठांचा तक्ता केलायस. फी आहे, घरभाडं आहे, कुठे थंडी किती तेही आहे. शिकवणार कोणाला, हा रकाना नाही. तो भरल्याशिवाय मी सल्ला देणार नाही.

पदवीच्या नावात डाफ (परकी भाषा म्हणून जर्मन) आणि डात्स (दुसरी भाषा म्हणून, म्हणजे जर्मनीत येऊन राहिलेल्यांची जर्मन) तिरक्या रेघेने जोडलेले असतात, म्हणून दोन्ही एकच समजू नकोस. पुण्यातल्या वर्गात तू डाफ शिकवतेस. 'वाइल' (कारण) आल्यावर क्रियापद वाक्याच्या शेवटी गेलं, तर आपल्या पोरांना ते घरचंच वाटतं. अडलं तर मराठीत सांगतेस, वर्ग पुढे सरकतो. इथे जर्मनीत नव्याने आलेल्यांच्या इंटिग्रेशन कोर्सला युक्रेनची अकाउंटंट, सीरियाचा सुतार आणि एरिट्रियाची आई एका बाकावर असतात. सगळ्यांना जोडणारी भाषा एकच, आणि तीच अजून कोणाला येत नाही.

साक्षरतेच्या वर्गात माझ्याकडे चाळिशीची एक बाई होती, शाळेचं तोंड न पाहिलेली. पेन्सिल इतकी दाबून धरायची की कागद फाटायचा. तिला फॉर्मवर आपला पत्ता स्वतः लिहायचा होता. रस्त्याचं नाव लांबलचक आणि रकाना बोटभर, 'श्ट्रासे' दर वेळी चौकटीबाहेर जायचं. शेवटी तिला एस, टी, आर आणि पुढे टिंब एवढंच लिहायला शिकवलं. ते एकदा चौकटीत बसल्यावर तिने पान भरून तेच लिहिलं. जर्मन रोमँटिसिझमवरचे माझे पेपर तिथे काय कामाचे होते?

म्हणून रँकिंग विचारू नकोस. लाइपझिगला हेर्डर इन्स्टिट्यूट आहे, १९६९ मध्ये गेरहार्ड हेल्बिग तिथे या विषयाचे प्राध्यापक झाले. म्युनिकचा विभाग हाराल्ड वाइनरिख यांनी १९७८ मध्ये उभा केला. वारसा मोठाच आहे, पण तुझ्या वर्गात तो फळा पुसायला यायचा नाही. मोड्यूलची यादी उघड. दुसऱ्याचा वर्ग किती बघायचा, स्वतः किती तास घ्यायचे आणि तू शिकवताना मागच्या बाकावर कोण बसून टिपणं काढणार, हे शोध. प्रॅक्टिकम, म्हणजे शिकवण्याचा सराव, कुठे, पाहुण्या विद्यार्थ्यांच्या वर्गात की निर्वासितांच्या? पुन्हा तेच: समोर कोण?

पोटापाण्याचंही बघ. इंटिग्रेशन कोर्स म्हणजे साधारण ६०० तास भाषा आणि १०० तास ओरिएंटेशन, म्हणजे इथले कायदे, इतिहास, समाज. तो शिकवायला बाम्फची, म्हणजे स्थलांतर आणि निर्वासितांच्या सरकारी कार्यालयाची, मान्यता लागते. डाफ-डात्सची पदवी असली की ती सहज मिळते, नुसत्या साहित्याच्या एमएवर बहुधा आणखी एक कोर्स मागे लागतो. शिवाय पुष्कळ शिक्षक तासाच्या मानधनावर असतात. आजारी पडलीस की पैसे बंद. हे आईला आताच सांग.

मी पीएचडी अर्ध्यावर टाकून या वर्गात आले, तेव्हा माझे गाइड 'वाया गेलीस' म्हणाले होते. म्हणू देत. मला कोणाला शिकवायचंय ते कळलं होतं, त्यांना ते शेवटपर्यंत कळलं नाही. दिवाळीच्या फोनवर मैत्रिणींच्या नावामागे 'प्रोफेसर' ऐकलं की टोचतं, नाही असं नाही. तरी सकाळी साडेआठला मला याच वर्गात जायचं असतं.

पुण्यात राहून जर्मनीला निघालेल्या नर्सेसच्या बी-वनच्या (मधल्या पातळीच्या) बॅचेस घ्यायच्या असतील तर तसं सांग, त्यात कमीपणा काही नाही. पण त्या मुली वर्षभरात इथल्या वॉर्डात उभ्या असतील. कवळी काढलेला म्हातारा काय पुटपुटतो, ते त्यांना समजायला हवं. विशेषणांची रूपं घोकून ते समजत नाही. म्हणजे पुण्यात बसूनही तुला अर्धं डात्स शिकावं लागणार. बघ, विद्यार्थी ठरला की अभ्यासक्रम कसा आपोआप ठरत जातो!

मोटिव्हेशन लेटरमधलं 'मला लहानपणापासून भाषांची आवड आहे' हे आधी खोड. असली शंभर पत्रं त्यांच्याकडे येतात. कोणाला शिकवणार आणि त्यासाठी तुला काय येत नाही, एवढाच एक परिच्छेद लिही. रविवारी दुपारी मी मोकळी आहे, फोन कर. पण परिच्छेद आधी पाठव.

तुझी,
मॅडम