१३ वर्षांची लॅब्रेडोर आईला एकटीला झेपत नाही. शेल्टरमध्ये द्यावी, की घरीच ठेवायला कोणी मदत करतं?

तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून सविस्तर लिहिते. कुत्री मागच्या पायांवर उठत नाही, वडील गेल्यापासून आई एकटी आहे, तुम्ही बंगळूरला आहात आणि नातेवाईक म्हणताहेत की एखाद्या संस्थेला देऊन टाका. म्हाताऱ्या प्राण्यांसाठी काम करणारे स्वयंसेवक नेमकं करतात तरी काय, हेही तुम्ही विचारलंय.

मी पुण्यात अशाच एका छोट्या गटात आहे. बँकेतून निवृत्त झाले आणि गटाचे हिशेब बघायला म्हणून गेले, आता घरोघरी जाते. आमच्यात पगारी कोणी नाही. म्हातारं जनावर त्याच्या घरातच राहावं, एवढंच आमचं काम.

आधी शेल्टरबद्दल. ती चालवणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पण तिथे रोज गाडीखाली आलेली कुत्री येतात, खरुजेने सोललेली येतात, पार्वो आणि डिस्टेंपरच्या साथीने आजारी पिल्लं येतात. पिंजरे भरलेले आणि हात कमी. आयुष्यभर सोफ्यापाशी झोपलेली कुत्री तिथे गेली की बरेचदा अन्नच सोडते. मागच्या पावसाळ्यात आम्हाला एका घरातून फोन आला, तोवर त्यांनी त्यांची म्हातारी पामेरियन देऊन चार दिवस झाले होते. आम्ही गेलो तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली होती, पुढ्यातला भात तसाच. घरी परत आणली, पण मूत्रपिंडं मुळातच नाजूक होती. आठवडा काढला तिने. तो फोन पंधरा दिवस आधी आला असता तर, हे मला अजून टोचतं. तुम्ही देण्याआधी विचारताय, हे फार बरं केलंत.

आम्ही फोनवर आजाराचं नंतर विचारतो. आधी विचारतो, दिवसातली कुठली वेळ सगळ्यात जड जाते? कारण माणसं कंटाळून जनावर सोडत नाहीत हो. एखादीच गोष्ट आडवी येते आणि तिच्यापुढे सगळं घर हात टेकतं. कुणाला जिना उतरवणं जमत नाही, कुणाची रात्रभर भुंकण्याने झोप होत नाही, कुणाला सोनोग्राफीचं एक बिल डोईजड होतं. ती गोष्ट सापडली की निम्मं काम झालं.

कोथरूडमधला एक लॅब्रेडोर सांगते. वय १२, वजन चाळिशीच्या पुढे, आणि त्याला सांभाळणारे आजोबा पंचाहत्तरीचे. मुलगा अमेरिकेला गेला आणि कुत्रा आई-वडिलांकडे राहिला, ही गोष्ट आमच्याकडे घरोघरी आहे. दोन्ही बाजू एकदमच म्हाताऱ्या होतात. “पाय गेले त्याचे,” असं आजोबांनी फोनवर सांगितलं होतं. आम्ही गेलो तर तो हॉलच्या मधोमध पसरलेला. उठायला बघायचा, पुढचे पाय रोवायचा, की मागचे दोन्ही पाय बाहेरच्या बाजूला सरकत जायचे आणि पुन्हा बसकण. खाली चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स. आमच्यातल्या एकीने त्याचा पंजा उलटा करून पाहिला, तर तळव्याच्या गाद्या केसांनी पार झाकून गेलेल्या. लोकरीचे मोजे घालून फरशीवर उभं राहावं तशी त्याची गत. ते केस कात्रीने कापले, वाढलेली नखं कापली, पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत जुन्या योगा मॅट आणि सतरंज्या टाकून वाट केली. थोड्या वेळाने तो उठला. लंगडत, पण स्वतःच्या पायांनी दारापर्यंत गेला. आजोबा काही बोलले नाहीत, आतून आणखी एक सतरंजी घेऊन आले.

तुमच्या कुत्रीचं हेच असेल असं मी म्हणत नाही. सांधे झिजलेले असू शकतात, मणक्यात नस दाबली गेलेली असू शकते. ते डॉक्टरांनीच पाहायला हवं, एक्स-रे लागेल. फक्त तोवर आपल्या घरातली आयब्युप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्यांच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं निकामी होतात, आणि मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जीवघेणी ठरते. घरच्या गोळीने बिघडलेलं जनावर आम्ही दर काही महिन्यांनी पाहतो, आणि देणाऱ्याने ती मायेनेच दिलेली असते.

वजनाचंही बघा. अमेरिकेत ४८ लॅब्रेडोर पिल्लांवर त्यांच्या जन्मभर एक अभ्यास झाला, २००२ मध्ये तो छापून आला. एकाच वेतातल्या पिल्लांच्या जोड्या केल्या होत्या आणि जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला दिलं. कमी खाणारी जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि त्यांचे सांधे उशिरा दुखायला लागले. तुमची आई तिला तूप लावलेली पोळी आणि चहाबरोबर बिस्किटं देत असेल तर तिला दोष देऊ नका. फक्त पोळी अर्धी करा, तूप बंद, बिस्किटांऐवजी काकडी किंवा उकडलेल्या दुधीचे तुकडे. द्राक्षं, मनुका आणि कांदा मात्र चुकूनही नको.

आता आमची माणसं काय करतात ते. सदाशिव पेठेत लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक आजी आहेत, त्यांच्या स्पिट्झला मधुमेह आहे. दिवसातून दोनदा, बारा तासांच्या अंतराने इन्सुलिन. आजींना सिरिंजवरच्या रेघा दिसत नाहीत. एकदा नेहमीच्या, मिलीलीटरमागे ४० युनिट ताकदीच्या कुपीऐवजी दुकानातून १०० युनिट ताकदीची आली आणि सिरिंज जुनीच, लाल टोपीची, म्हणजे ४० ची. तेवढ्याच रेघेपर्यंत भरलं तरी अडीच पट औषध गेलं. कुत्रा थरथरायला लागला, कोसळला. आजींनी हिरड्यांना मध चोळला आणि आम्हाला फोन केला, म्हणून डॉक्टरांपर्यंत पोचेतो टिकला. तेव्हापासून जवळच राहणारी एक कॉलेजची मुलगी सकाळी सात आणि संध्याकाळी सात अशी जाते. लाल टोपी ४० ची, केशरी टोपी १०० ची, हे तिने मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय. दोन वर्षं झाली. परीक्षेच्या दिवसांतही तिचा खाडा नाही, आणि आजी तिला उपमा खाल्ल्याशिवाय सोडत नाहीत.

पैसे आम्ही देतो, पण थेट डॉक्टरांना. जमेल तेवढं कुटुंब भरतं, उरलेलं आम्ही. त्यांना आमच्यापुढे हात पसरल्यासारखं वाटू नये, यासाठीच तसं ठरवलंय. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना फक्त गुरांचा असतो हा समजही काढून टाका. तिथे कुत्री-मांजरंही तपासतात आणि खर्च नाममात्र असतो. पुण्यात औंधला जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आहे. मुंबईत परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय सरकारी नाही, धर्मादाय आहे, आणि ते तर १८८३ पासूनचं.

ही कल्पना काही आमची नाही. ब्रिटनमध्ये १९८५ साली एव्हरिल जार्व्हिस यांनी सिनॅमन ट्रस्ट सुरू केला. वृद्ध आणि गंभीर आजारी माणसांची कुत्री तिथले स्वयंसेवक फिरवून आणतात, मालक इस्पितळात असेल तर घरी नेऊन सांभाळतात. कुत्रं दोनदा फिरवून आणायला कोणी नाही, एवढ्यासाठी एकट्या म्हाताऱ्या माणसाची सोबत सुटू नये, हे त्यांचं म्हणणं मला फार पटतं. आमच्याकडेही पैशांपेक्षा माणसांची वानवा जास्त आहे. सोसायटी म्हणून नोंदणी करायला किमान सात सभासद लागतात, ते सात गोळा करताना आमच्या नाकी नऊ आले होते. हिशेब दरवर्षी तपासून धर्मादाय आयुक्तांकडे द्यायचे असतात. फोन आठवड्याला एकेकाकडे फिरतो, कारण एकाच्याच डोक्यावर ठेवला तर ते माणूस वर्षभरात मोडून पडतं. असं आमच्यात घडलंय. फार जीव लावणारी एक मैत्रीण आम्ही तशीच गमावली.

आमचं सामान एका कपाटात मावतं. मागचे पाय उचलायचे कापडी झोळे, गाडीत चढायची फळी, न उघडलेली डायपरची पाकिटं. जनावर गेलं की घरचे हे सगळं धुऊन, घडी घालून परत आणून देतात. पट्टा मात्र कोणी देत नाही.

घरी ठेवायचं म्हणजे काहीही करून जगवायचं, असं आम्ही मानत नाही. खाणं सुटलं, वेदना औषधाला दाद देईनाशी झाली, तर डॉक्टर घरी येऊन तिच्याच अंथरुणावर तिला कायमचं झोपवू शकतात. अशा वेळी आमच्यातलं कोणीतरी घरच्यांबरोबर बसतं. तुमच्या वर्णनावरून ती वेळ आलेली दिसत नाही. ती भाकरीच्या वासाने मान वर करते, असं तुम्हीच लिहिलंय.

सोसायटीवाले कुत्रीला लिफ्टमध्ये घेऊ देत नसतील तर प्राणी कल्याण मंडळाचं २०१५ चं परिपत्रक छापून अध्यक्षांना द्या. लिफ्टला बंदी करता येत नाही, असं त्यात स्पष्ट आहे. आमच्या अनुभवात एवढं पुरतं. आणि कुठेतरी नेऊन सोडा असं कोणी सुचवलं तर, भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा अवस्थेत जनावर टाकून देणं हा प्राण्यांच्या छळाविरुद्धच्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे त्यांना सांगा.

आज रात्री आईला फोन करा आणि कुठली वेळ जड जाते तेवढंच विचारा. कुत्री जिथे झोपते तिथल्या फरशीचा एक फोटो, तिच्या मागच्या पंज्याचा खालून एक, आणि ती उठायचा प्रयत्न करतानाचा छोटासा व्हिडिओ मागवून घ्या. शेजारी कोणी कॉलेजचं पोर असेल तर तेही विचारून ठेवा. आई कुठल्या शहरात आहे ते मला इथेच कळवा, तिथलं कोणी ओळखीचं असेल तर जोडून देते. आणि कुत्रीचं नाव लिहायचं राहिलंय तुमचं, तेही सांगा.