एसएएन स्विचवर राउटिंग पॉलिसी ३ वरून १ वर आणावी का?

तुमच्या ब्रोकेड कंपनीच्या दोन एसएएन स्विचमध्ये (सर्व्हर आणि स्टोरेज जोडणारे स्विच) दोन आयएसएल, म्हणजे स्विच ते स्विच लिंक आहेत, सगळं ट्रॅफिक एकाच लिंकवरून जातंय आणि व्हेंडर म्हणतोय की एपीटी पॉलिसी, म्हणजे कुठलं ट्रॅफिक कुठल्या लिंकवरून जायचं ते ठरवणारी सेटिंग, ३ (एक्स्चेंज बेस्ड: दर देवाणघेवाणीला लिंक वेगळी ठरते) ची १ (पोर्ट बेस्ड) करा. करू नका.

हेच मी जुलै २०२१ मध्ये फोनवर सांगत होतो. पंचगंगा पात्राबाहेर, शिरोलीजवळ हायवेवर पाणी, पुण्याहून इंजिनिअर यायला वाट नाही. डेटा रूममध्ये मी एकटा. डेटाबेस मध्येच पाच-दहा सेकंद अडकायचा आणि परत चालायला लागायचा. फोनवरचे साहेब म्हणाले, "एक्स्चेंज बेस्डचा घोळ आहे, पोर्ट बेस्ड कर." मी म्हटलं, "सर, आधी एरर बघूया." त्यावर, "तू डिप्लोमावाला ना? सांगतो तेवढं कर."

ही पॉलिसी बदलायला स्विच डिसेबल करावा लागतो. केला. एका सर्व्हरची दुसऱ्या फॅब्रिकची, म्हणजे पर्यायी वाटेची केबल कुणीतरी आधीच काढून ठेवलेली, तो सर्व्हर जागीच बसला. स्विच वर आला, डेटाबेस सुसाट, साहेब खूश. रात्री बॅकअप लागला तो रांगतच. पोर्ट बेस्डमध्ये एका पोर्टवरून आलेलं पलीकडच्या स्विचकडचं सगळं ट्रॅफिक एकाच आयएसएलला बांधलं जातं. डेटाबेसला चांगली लिंक मिळाली, बॅकअपला खराब.

मग मी माझ्या मनानं पोर्ट एरर शो (दर पोर्टचे एरर दाखवणारी कमांड) काढलं. एका आयएसएल पोर्टचा सीआरसी जी-ईओएफ (खराब फ्रेम मोजणारा काउंटर; फ्रेम म्हणजे डेटाचा तुकडा) दर वेळी वाढलेला. हा आकडा वाढतो म्हणजे फ्रेम त्याच लिंकवर खराब होतेय, मागून खराब होऊन आलेली नाही. फायबर केबलचा एलसी कनेक्टर काढून भिंगाखाली धरला, तर फेरूलच्या (फायबरचं टोक धरणारी नळी) बरोबर मधोमध डाग. क्लीनिंग पेननं पुसला, काउंटर साफ केले, सकाळपर्यंत शून्य. मग त्या सर्व्हरची केबल लावली, मल्टिपाथ (दोन्ही वाटा चालू आहेत का ते) तपासला आणि पॉलिसी परत ३.

तुमच्याकडे ३ असूनही एकच लिंक भरत असेल तर टोपॉलॉजी शो कमांडमध्ये दोन्ही लिंकची कॉस्ट (वाट निवडताना धरला जाणारा आकडा) बघा. कुणी हातानं बदलली असेल तर एफएसपीएफ (स्विचमधला वाट निवडणारा प्रोटोकॉल) कमी कॉस्टचीच वाट धरणार. २ जीबीपीएस आणि त्यावरच्या सगळ्या लिंकची मूळ कॉस्ट ५००, त्यामुळं ८ ची आणि १६ ची लिंक त्याला सारखीच; वेग वेगळे असतील तर हळू लिंक आधी तुंबते. ट्रंकिंगचं (अनेक लिंक एकत्र करून एकच लिंक म्हणून वापरणं) लायसन्स असेल तर दोन्ही केबल एकाच पोर्ट ग्रुपमध्ये (स्विचवरच्या पोर्टच्या ठरावीक गटात) घ्या.

हां, मेनफ्रेमचं फायकॉन (मेनफ्रेमला स्टोरेज जोडायची पद्धत) असेल तर तिथं पोर्ट बेस्ड लागू शकतं. आणि सिस्कोच्या एमडीएस स्विचवर हे व्हीसॅनवार (एकाच स्विचवरच्या प्रत्येक आभासी एसएएनसाठी वेगळं) ठरतं, तिथं माझं जसंच्या तसं लावू नका.

व्हेंडरकडून आधी दोन्ही टोकांचं पोर्ट एरर शो मागून घ्या. "त्याची गरज नाही" म्हणाला तर स्विचला हात लावू देऊ नका, मग तो कितीही शिकलेला असो.